गोलाई

डॉक्टर म्हणाले, डोळे धड आहेत.
तरी ताटातली डावी अर्धी भाकर
अप्पांना दिसत नाही.
मी ताट फिरवते.
"आता ही कुठून आली गं माय?"

लातूरच्या गंजगोलाईत एकतीस वर्षं टपाल वाटलं त्यांनी.
म्हटलं, डोळे मिटा. मधल्या देवळापाशी उभे राहा,
तोंड उगवतीला. रस्ते सांगा.
हवेत पत्रं टाकत सांगितले :
चपलांचा, भुसाराचा, तांब्या-पितळेचा,
पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्यासकट.
आठ. सगळे उजव्या हाताचे.
बाकीचे?
"बाकीचे कुठले? झाले की."

बरं, आता वळा. तोंड मावळतीला.
पापण्यांखाली बुबुळं सरकली
आणि बांगड्यांची गल्ली उघडली, मिरचीचा ठसका,
राजेसाबचं घड्याळाचं दुकान, ज्याची मनीऑर्डर
दर महिन्याला परत यायची.
हेही आठ.
मघाचे गेले. कुत्रंही.

सोळाच्या सोळा आत आहेत.
शटर मात्र ते ज्या बाजूला पाहत नाहीत तिथं नाही,
ते उभे असतात त्याच्या डावीकडं.

मी डावीकडंच बसलेय, सकाळपासून.
माझा आवाज ऐकून
उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीला म्हणतात,
"महानंदे, जरा पुढं ये ना."

जाता येतं. चार पावलं.
पण डॉक्टरांनी सांगितलंय, इथंच बसा.