रंगवाटप

निळा माझा.
हिरवा यशोधनचा, ॲबरडीनहून, महिन्यातले दोनच आठवडे,
कारण उरलेले दोन तो समुद्रात, तेलाच्या फलाटावर,
आणि तिथे रेंज म्हणजे नशीब.
केशरी ग्लेनिसचा: सकाळी आठ ते साडेनऊ,
आंघोळ, गोळ्या, एक उकडलेलं अंडं,
खाली दोन ओळींची नोंद आणि शेवटी तिचा तो शब्द, लव्ह.
(सगळ्यांनाच म्हणते. गॅसचा मीटर बघायला आलेल्यालासुद्धा.)
गुलाबी जयूमावशीचा. ती कोल्हापुरातून
इथल्या दुपारी दोनला व्हिडिओवर येते
आणि अण्णांना अर्धा तास नुसतं कपाळ दाखवते.

कॅलेंडर सगळ्यांच्या फोनात एकच.
कुणी रंग भरला की बाकीच्यांचे खिसे थरथरतात.
रेडिंगच्या ऑफिसात, भर मीटिंगमध्ये, मांडीपाशी गुरगुरतं:
"७:१२. किटली सुरू."
म्हणजे उठले.
मी समोरच्याला हो म्हणते.
कशाला हो म्हटलं ते दुपारी कळतं.

अण्णा हडर्सफील्डच्या गिरणीत एकतीस वर्षं रंगारी.
सूत ओलं असताना एक रंग, वाळल्यावर दुसरा,
आणि खरा कुठला
ते उत्तरेच्या खिडकीतल्या उजेडात ठरायचं.
मुकादम यंत्रावरचा आकडा वाचायचा
आणि मग अण्णांकडे बघायचा.
शाळेच्या दारात बाया आईला विचारायच्या, मिस्टर काय करतात?
आई म्हणायची, संध्याकाळी बोटं बघा, कळेल काय केलं ते.

पहिल्यांदा टॅबलेट मांडीवर ठेवला
तेव्हा वारबीर न वाचता म्हणाले,
हा निळा कच्चा आहे. एका धुण्यात जाईल.
अण्णा, तो मी आहे.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग: तरी पण.

गुरुवारची दुपार कोरी.
तिच्यावरून आम्ही नोव्हेंबरभर भांडलो,
व्हॉट्सॲपवर, अण्णांना वगळून काढलेल्या दुसऱ्या ग्रुपात.
यशोधन: मग काय, फलाटावरून उडी मारू?
मी: दोनशे मैल जायचे नि यायचे, कुणी, मीच ना?
मावशी: जोडलेले हात. फूल. पुन्हा जोडलेले हात.
दाराला चिकटवलेलं पांढरं बटण
दार उघडलं की सांगतं.
गुरुवारी त्याला सांगण्यासारखं काही नसायचं.

जानेवारीत एका बुधवारी रात्री खिसा थरथरला.
उद्याच्या चारच्या चौकटीत एक रंग,
आमच्यापैकी कुणाचाच नसलेला.
यादीत अगदी तळाला असतो, तपकिरी,
चहाच्या चोथ्यासारखा. कुणी घेत नाही.

"हेमांगीला फोन. पाठ कशी आहे विचारणे.
निळ्याचं बोललो ते लागलं असेल."
पुढच्या गुरुवारी: "यशोधन. वादळ. बातम्या लावणे."
त्यापुढच्या: "ग्लेनिसचा नातू, गाडीची परीक्षा, तिसऱ्यांदा."
"जयू, चष्मा" इतकंच एक, पुढे बोट घसरलेलं.
असे जूनपर्यंत.
मेमधल्या एकावर नुसतं आईचं नाव. वेळ नाही.

आमचा दुसरा ग्रुप त्या रात्री गप्प होता.
यशोधनचं निळं टिक-टिक दिसलं, उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजून गेले.
४:२०. किटली सुरू.
४:२६. किटली सुरू.
४:३१. किटली सुरू.
फोन मीच लावला.
कोण?
मी नाव सांगितलं. पलीकडे पाणी उकळत होतं.
निळा, अण्णा. निळा.
हां, म्हणाले, आणि मग, अगदी कामातला प्रश्न विचारावा तसं:
खिडकीशी आहेस का? उजेड कसा आहे तिकडे?

अंधार केव्हाच पडला होता.
तरी मी उठले आणि खिडकीशी गेले.