मोजमाप पुस्तक, पान सदतीस

टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं मुबीनाच्या. सहावी ब.
ती ते भिंतीला असं दाबून धरते
की भिंतच कुठं निघून जाईल अशी भीती.

कुपवाडच्या कडेची शाळा. पलीकडं फाउंड्री,
खिडकीच्या गजांवर बोटाला लागणारी काळी वाळू.
नकाशावर खोल्या सहा. पट चारशे अठरा.
सातवी खोली म्हणजे व्हरांडा,
आठवी म्हणजे ऑफिस. तिथं दुसरीची पोरं
कपाटाला पाठ टेकून बसतात
आणि हेडबाई, कोष्टीबाई,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
जावक रजिस्टर लिहितात.

फॉर्म विचारतो:
पुढील दहा वर्षांतील अपेक्षित पटसंख्या.
जनगणना बघितली. तिच्यात ही चाळच नाही.
शेवटी दस्तगीरमामांना विचारलं,
घंटा देऊन परत निघाले होते. म्हणाले,
मॅडम, सकाळी अकराला जावा,
दोरीवरच्या बारक्या चड्ड्या मोजा.
मी गेले. मोजल्या.
एकशे सहा, आणि तीन लंगोट.
कुणी कानडीत विचारलं, कुणी भोजपुरीत,
काय पाहिजे.
रकान्यात लिहिलं: स्थानिक पाहणीनुसार.

वर मजला चढवा की, नगरसेवक म्हणतात.
फोनवर. रोज.
मी भिंतीच्या पायाशी गिलावा खरवडला.
दगड, माती, चुन्याचा पुसट हात.
हिला आणखी चार वर्ग सांगणं म्हणजे
मार्केट यार्डातल्या म्हाताऱ्या हमालाला
'एकच पोतं राहिलंय' म्हणणं.
तो नाही म्हणणार नाही. तीच भीती.

मग राहतं मैदान.
पान चौतीसवर त्याचं वर्णन आहे, 'रिकामी जागा',
अक्षर माझंच.

चार वाजता रिकाम्या जागेत
दोन खांब आले, फक्कीची रेघ आली,
मुबीनानं टेप सोडला.
तो सर्रकन माझ्याकडं आला, अंगठा कापला.
आठ जणी बसल्या, एक इकडं तोंड, एक तिकडं.
खो.
पाठीवर थाप पडली की एक उठते
आणि तिच्या जागेवर दुसरी बसते.
अंगठा तोंडात धरून मी बघत राहिले.
वर्गांचं तसं नसतं.
तिथं उठत कुणीच नाही,
नुसते येऊन बसतात.

खांबापासून खांब: चोवीस मीटरला एक वीत कमी.
वीत मुबीनाची.

रात्री दोन नकाशे काढले.
पहिल्यात आठ खोल्या, मैदान नाही.
दुसऱ्यात जुनी कोठी पाडायची, टाकी मागं सरकवायची,
उत्तरेला पाच खोल्या, मुलींचं स्वच्छतागृह,
जिना अरुंद पण नियमात.
मैदान राहतं.
तीन खोल्या कमी म्हणजे एकशे वीस मुलं.
त्यांना कुठं बसवू ते नकाशात दाखवता येत नाही,
व्हरांड्याला परत व्हरांडा म्हणायचं ठरवलं होतं मी.

कोष्टीबाईंनी दोन्ही बघितले,
चष्मा कपाळावर सारून.
बोट पहिल्यावर गेलं, मग दुसऱ्यावर,
मग त्यांनी डबा उघडला
आणि मला अर्धी भाकरी दिली.

आज परत आलेय. जिन्याखालचं राहिलं होतं.
मुबीना टोक धरून उभी.
'मॅडम, हे झाल्यावर
आमी असू का हितं?'

तांत्रिक मंजुरी. लेखाशीर्ष. निविदा, मग फेरनिविदा,
मधे एखादी आचारसंहिता.
ती आठवीत जाईल, नववीला मिरजेला,
तोवर खड्डे खणले तरी पुष्कळ.

तुझा भाऊ कितवीत? मी विचारते.
'अजून चालतोय बी नाही.'

बरं. घट्ट धर.
खाली, अगदी फरशीला टेकव.
मी पेन्सिलीनं लिहितेय.