लाभ

अर्धापूरला, बायपासच्या कडेला,
मन्मथअप्पाच्या काट्यावर मी संध्याकाळी पावत्या लिहितो.
सकाळी कॉलेजात पदार्थविज्ञान, तासिका तत्त्वावर.
तासांचे पैसे दिवाळीनंतर येतात,
कधी होळीनंतर.

आज तिसऱ्या वर्षाला प्रतिद्रव्य होतं.
अकरा पोरं, एक पंखा.
फळ्यावर इलेक्ट्रॉन काढला, समोर पॉझिट्रॉन,
त्याच वजनाचा, उलट्या भाराचा.
म्हटलं, हे भेटले की दोघंही उरत नाहीत.
उजेड उरतो,
एकमेकांकडे पाठ करून निघून गेलेला.
म्हटलं, सुरुवातीला दोन्ही सारखेच निघाले असणार,
जेवढं जमा तेवढंच नावे.

मागच्या बाकावरून भागीरथा हेंद्रे,
सहाच्या एस.टी.नं येणारी,
वही न मिटता म्हणाली,
"मग सर, आपण कामून आहोत?"

पोरं हसली.
मी पुसणी शोधायला लागलो.
पुस्तकात उत्तर आहे, पण उत्तर म्हणजे नुसता आकडा:
अब्जाला अब्ज, आणि वर एक.
अब्जाची अब्जाशी फिट्टंफाट झाली,
तो एक राहिला.
त्याच्यातूनच मग तारे, आसना नदी, हा फळा,
एस.टी.ची दांडी धरून उभं राहिलेलं कोपर.
तो का राहिला, हे अजून कुणालाच धड सांगता आलेलं नाही
आणि परीक्षेला हा प्रश्न येत नाही.

काट्यावर घडामागून घड.
दांड्याचं वजन वजा, ओलीचं वजा,
अप्पाची पेन्सिल वजाबाकीतच झिजते.
श्रीनगरची गाडी लागलीय, दहा टनांची.
मी पावतीच्या पाठीमागे हिशेब मांडतो:
केळात पोटॅशियम, त्यातलं चिमटीभर जन्मापासूनच अस्वस्थ,
सव्वा तासाला एका केळात एक पॉझिट्रॉन निपजतो.
म्हणजे या गाडीत, ताडपत्रीखाली,
सेकंदाला चौदा-पंधरा.
निपजतात आणि सालीबाहेर पडायच्या आत
पहिल्या भेटणाऱ्या इलेक्ट्रॉनला मिठी मारून संपतात.
ज्याच्यासाठी माणसांनी भुयारं खणली,
चुंबकांच्या पाळण्यात झुलवूनही
ज्याचा मोहरीएवढा साठा झाला नाही,
ते इथं गवताच्या गादीवर, फुकट,
निर्मल, आदिलाबाद, नागपूर,
पार बनिहालच्या बोगद्यापर्यंत
कुणाला न दिसता लुकलुकत जाणार.

अप्पाला सांगितलं.
त्यानं चष्म्यावरून पाहिलं.
"वजन भरतं का त्याचं?"
"नाही."
"मग पावतीत कामून घ्यायचं?"

तेही खरंच.

खाजामियाँ फळीवर चढला.
क्रेट उचलला, आत सरकवला, आणि ओरडला,
"लाभ!"
मग दोन. मग तीन.
सहा वर्षं मी हे ऐकतोय.
त्याचा बाप मोंढ्यात ज्वारी मापायचा,
तोही पहिल्या मापाला एक म्हणायचा नाही.
एक म्हटलं की मोजणी सुरू होते,
आणि मोजणी सुरू झाली की कट्टी आली,
दांडा आला, येणं-देणं आलं.
त्याच्या आधीचं जे पदरात पडतं
त्याला फक्त लाभ म्हणायचं
आणि पुढं जायचं.

माझी पेन्सिल थांबली होती.
"सर, लिव्हा की," खाली पाहून खाजामियाँ म्हणाला,
"सतरा झाले."

गाडी सुटली तेव्हा साडेनऊ वाजले होते.
मागचा लाल दिवा भोकरफाट्यापर्यंत दिसत राहिला.
उद्या माझा तास नाही.
परवा आहे, तोही विद्यापीठाचं पत्रक आलं नाही तर.
भागीरथाला काय सांगायचं ते अजून ठरत नाही.

खाजामियाँनं हात पुसले,
फणीतून निसटलेलं, मोजणीबाहेरचं एक केळ
माझ्या वहीवर ठेवलं.
थोडं कच्चं होतं.
उभ्याउभ्याच खाल्लं.