आठ शेजारी

खैरबोडीत मोहाजवळ वीज पडते
तेव्हा यंत्राला कळतं ते एवढंच:
एकवीस पॉइंट शून्य सात, ऐंशी पॉइंट शून्य दोन.
आकड्याला शिवार नसतं.

गाव शोधायला माझा प्रोग्राम
दीड हजार गावांच्या वाकड्या सीमांवरून
एकेक करत चालायचा,
नाल्याच्या प्रत्येक वळणावर थांबून विचारायचा
आत की बाहेर
आत की बाहेर.
चार सेकंद.

चार सेकंद काही फार नव्हेत.
पण हस्ताच्या दुपारी मिनिटाला साठ विजा
आणि माझी उत्तरं पंधरा.
बाकीच्या रांगेत.

तुळसा कुमरेच्या फोनवर
"झाडाखालून दूर व्हा" आलं
तेव्हा ती घरी पोचून चूल फुंकत होती.
म्हैस तिथंच होती, झाडाखाली.
म्हैस आता उठणार नव्हती.

पंचनाम्याला गेले. कोतवाल दौलत नेवारे
रजिस्टर न उघडता पुढं चालू लागला.
"नाल्याच्या अल्याड का पल्याड?
मंग बोडीच्या आंगानं का?
हे पाहा, आलं.
एका बांधीसाठी साऱ्या तालुक्याले
काहून इचारता मॅडम?"

त्या रात्री साकोलीच्या लॉजवर
नकाशावर चौकोन आखले,
प्रत्येकात आधीच लिहून ठेवलं
कोणती गावं इथं येतात.
बहुतेकांत एकच नाव: विचारायचंच नाही काही.
धुऱ्यावरच्या चौकोनांत दोन, फार तर तीन.
तेवढ्यांच्याच सीमा चालायच्या.
पहाटे जुन्या विजा पुन्हा सोडून पाहिल्या.
रांग लागलीच नाही.
मी दोनदा तपासलं, चूक असणार म्हणून.

मग आठवलं, वीज धुरा पाळत नाही.
चौकोनाच्या काठावर पडली
तर पलीकडचा माणूस दहा पावलांवर,
आणि माझ्या हिशेबात परगावचा.
म्हणून भोवतीचे आठही चौकोन जोडले.
थोडं हळू झालं. होऊ दे.

पुढच्या मंगळवारी, दोन वाजून बावीस मिनिटं.
तुळसाचा फोन वाजला, अगदी वेळेत,
घरच्या कोनाड्यात,
चार्जिंगला.

शेजारच्या चौकोनात दौलतचाही वाजला.
त्यानं वाचलाही नाही पुरता.
धुऱ्यावर चढून, हात तोंडाशी धरून,

तुळसेऽऽ
झाड सोड!