मीटरचा आवाज

ग्रिम्झबीच्या शाळेत, शुक्रवारी, शेवटच्या तासाला
मी पडदे ओढून सिनेमा लावला.
"वास्तववादी आहे," म्हणालो.
मागच्या बाकावर कोरीनं जांभई दिली,
चांगली ऐसपैस.

एक आई. एक किटली. खिडकीबाहेर गोदी.
"सर, घडणार कधी काहीतरी?"
"घडतंय की."
"हे तर आम्ही घरी फुकट बघतो," कात्स्पर म्हणाला.
वर्ग हसला. मीही, थोडासा.

मग त्या आईच्या घरातली वीज गेली.
मीटरमधले पैसे संपले होते.
व्हायोलिन सुरू झालं.

"चुकलंय," टेगन म्हणाली,
जी मार्चपासून वर्गात बोललेली नव्हती.
"आधी खट् होतं, मग अंधार.
यांनी उलटं केलंय."
बैठकीत सूर घसरला की जाणकार बघतात
तसं दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं.
"आणि कुणी हसत का नाही यांच्यात?
आमची गेली की आई
हनुवटीखाली टॉर्च धरून बातम्या वाचते.
राजघराण्याच्या सुद्धा."

मी सिनेमा थांबवला नाही.
थांबवायला हवा होता.

कागदावर पहिला प्रश्न माझाच होता:
दिग्दर्शकाला गरिबीविषयी काय सांगायचे आहे?
कोरीनं लिहिलं, आईचा कोट महाग वाटतो.
टेगननं जागा कोरी सोडली,
समासात तेवढं पेन्सिलीनं: खट्.

लाल पेन उघडून बसलोय मघापासून.
माझ्या घरचं बिल
बँकेतून परस्पर जातं.
तो आवाज मी कधी ऐकलेला नाही.