सात पिना

गाडी चंदगडहून घेतली, सतरा वर्षं जुनी,
नंबर अजून एमएच नऊचाच.
ट्रॉली गोकाकच्या एका लोहारानं बांधलेली,
मोडक्या टेम्पोच्या आखावर.
दोघींची गाठ तुरमुरीत, माझ्या दारात पडली
आणि लोखंडाचं लोखंडाशी लगेच जमलं:
हूक, खीळ, साखळी, झालं.
विजेचं मात्र जमेना.

डावा इंडिकेटर द्यावा तर मागं उजवा लुकलुकायचा.
ब्रेक दाबला की सगळंच मंद पेटायचं,
जागरणाला बसलेल्यांच्या डोळ्यांसारखं.
दोन वर्षं तशीच हाकली.
रताळ्यांची चाळीस पोती, पहाटे चार, मार्केट यार्ड,
मागं गोणपाट, त्यावर लाल रेडियमची पट्टी.
म्हटलं, दिसतं की.

मग मार्गशीर्षातल्या धुक्यात
सुळग्याच्या उतारावर
शट्टुप्पाकाकांची मोपेड मागून ट्रॉलीत घुसली.
गुडघा गेला.
केस नको म्हणाले ते.
दवाखान्यात प्लास्टरवर हात ठेवून एवढंच विचारलं,
"तू होतास होय रे पुढं?
मला वाटलं, रस्ताच आहे."

अडिव्याप्पाचं दुकान म्हणजे हिंडलग्याच्या अलीकडं
चिंचेखाली चार पत्रे, एक बॅटरी,
आणि खिळ्याला टांगलेल्या तारांच्या जुड्या,
मेथीच्या असाव्यात तशा.
त्यानं सॉकेटचं झाकण उघडून नुसता वास घेतला.
"कळकलंय."
बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं तसं,
सातही पिना हिरव्या.
मग गाडीखाली आडवा झाला, पाय तेवढे बाहेर,
आणि आतून आवाज:
"हळदी येनु?"
"पिवळी? डावा."
"ट्रॉलीत उजवा आहे. हसिरु?"
"हिरवी… हिरवीचं माहीत नाही."
"एक तरी खरं बोललास."

चंदगडच्या वायरमननं आपल्या मनानं रंग ठरवलेले,
गोकाकच्यानं आपल्या.
आपापल्या जागी दोघांचंही चुकलेलं नव्हतं.

एकेक तार तो सोलत गेला.
पूर्वी दातांनी सोलायचा, आता पकडीनं;
उरलेत ते दात जेवायला, म्हणाला.
मी केबिनमध्ये. मागून हाक येई, "ब्रेक!"
मी दाबी.
"इल्ल."
"लेफ्ट!"
"बंतु. बंतु… थांब. होतु."
आला, गेला, नाही.
तासभर एवढ्या तीन शब्दांचीच भाषा होती आमची
आणि ती पुरली.

शेवटी त्यानं एक काळी तार वर धरली.
ऑइलपेंटवरच स्क्रू पिळलेला, पेंटच्या आत गंज.
"याला अर्थच नाही," म्हणाला.
मी हसलो. तो हसला नाही.
"दिवा पेटला की करंटला परत जायला वाट पाहिजे.
स्वतःची नसली की तो शेजारच्याच्या तारेतनं जातो.
म्हणून डावा उजव्यात, उजवा ब्रेकमध्ये."
पॉलिशपेपरनं घासत राहिला, लोखंड पांढरं होईतोवर.
"हूक आहे, साखळी आहे, त्यातनं मिळेल म्हणतात सगळे.
खड्ड्यात हूक उडतो. साखळी ढिली होते.
अर्थाला वेगळी तार ओढावी लागते."

तीनशे ऐंशी रुपये. त्यातले ऐंशी टेपचे.
तेवढ्यावरून घासाघीस करावी असं वाटलं
आणि केली नाही.

येताना दिवेलागण झालेली.
शट्टुप्पाकाका ओट्यावर, पाय स्टुलावर.
रिकामी ट्रॉली त्यांच्या दारापुढं नेऊन थांबवली.
उतरायचं धाडस झालं नाही.
ब्रेक दाबून धरला नुसता.
आरशात त्यांचं तोंड, प्लास्टर, मागची भिंत,
भिंतीवरची कणसं,
सगळं तांबडं.

बराच वेळ ते बोलले नाहीत.
पायाला कळ लागली तरी मी दाबूनच.
मग त्यांनी काठी उचलली, पुढं जा अशी हलवली.
"दिसतंय रे," म्हणाले, "डोळ्यात जातंय.
सोड आता."