खालून दुसरे

रेल्वे मैदानाच्या पत्र्यावर खडूनं तक्ता लिहितात.
दहा संघ, खालचे दोन ब गटात.
आम्ही खालून दुसरे.
खालून पहिले आहेत त्यांनी जानेवारीतच संघ मोडला,
गोलची जाळीसुद्धा विकली म्हणे.
म्हणजे जे अजून खेळतात
त्यांच्यात शेवटचे आम्हीच.

कन्ना चौक स्पोर्टिंग.
जर्सी शाळेच्या गणवेशातून उरलेल्या आकाशी कापडाची,
गोलीची तेवढी पिवळी.
बोल्ली मास्तरांनी फुकट शिवून दिल्या, खिशासकट.
फुटबॉलला खिसा कशाला, विचारलं
तर म्हणाले, पॉइंट ठेवायला.
सतरा सामन्यांत नऊ.

मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर.
चोवीस माग एकदम धडधडत असले
तरी कुठल्या मागावर धागा तुटला ते कानानं सांगतो.
आमच्या मधल्या फळीत काय तुटलंय
ते सगळा मोसम कठड्यावर बसून ऐकतोय,
ऐकू येत नाही.
मल्लिनाथ पास देतो तिथं कुणी नसतं,
इलियास असतो तिथं पास जात नाही.
दोघं एकाच गल्लीतले. एकाच गाड्यावर चहा पितात,
चहा बरोबर पोचतो एकमेकांच्या हातात.

आज शेवटचा सामना. जिंकलो तर राहिलो.
एप्रिलातलं चारचं ऊन,
मैदान कडक भाकरीसारखं,
पडलं की आधी धूळ उठते, मग खेळाडू.
आम्ही साठ-सत्तर जण. शेंगा हाफटाइमलाच संपल्या.
"अय श्रीन्या, पळ की बे! हप्ते थकलेत का तुझे?"
"त्याला बदला!"
"आणि आणणार कुणाला? बाकावर त्याचाच धाकटा बसलाय."
शिव्या तीन भाषांत.
तेलुगूतली लांब जाते, कन्नडमधली खोल.
मराठीतली माझी.

सत्तराव्या मिनिटाला फोन वाजायला लागले.
आधी एकाचा, मग सगळ्यांचे.
पाणी आलं होतं.
पाच दिवसांनी आलं होतं आणि तासभर राहणार होतं.
लोक उठले. कुणी कुणाकडं बघितलं नाही.
घागरी भरायची एवढी घाई
मी या माणसांत कधी पाहिली नव्हती.
मलाही आला. "येलालाव का नाही?"
म्हटलं, दहा मिनिटं.
"तुमची दहा मिनिटं मला माहितीयत.
मागच्या रविवारी पण हरलाव."
हरलाव, म्हणाली.
अकरा वर्षांत एक चेंडू मारला नाही मी.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला साधा चेंडू.
वरच्या मजल्यावरून टाकलेली किल्ली झेलतात, तसला.
सुदर्शनच्या हातातून सुटला.
तो रात्रपाळी करून आला होता. मला माहीत होतं,
माझ्याच शेडमध्ये अकरा नंबरच्या मागावर असतो,
सकाळी सातला मीच म्हटलं होतं, जा, झोप थोडं.
आणि तरी उभा राहून जे ओरडलो
ते इथं लिहीत नाही.
कठडा इतका रिकामा होता
की अक्षर न् अक्षर त्याच्यापर्यंत गेलं.

खडूवाला पत्र्यापाशी गेला, थोडा थांबला.
आमच्यापुढं लिहायला काही नव्हतं. नऊचे नऊच.

स्कूटीवर मागं सुदर्शन,
हातमोजे दोघांच्या मध्ये.
अशोक चौकापर्यंत गप्प.
गल्लीत मोटारी घुरघुरत होत्या, मग एकेक बंद पडत गेली.
त्याच्या दारापाशी थांबलो.
त्यानं पिवळ्या खिशातून घराची किल्ली काढली.
"पाणी गेलं का तुमच्याकडलं?"
गेलंच असणार.
ब गटाचे सामने सकाळी सातला असतात,
रात्रपाळी सुटायच्या वेळेला.
याची शनिवारची रात्र मोकळी ठेवायची
म्हणजे मालकाशी भांडण आलं.
तो अजून दारातच उभा.
"बादलीभर दे की," म्हटलं,
"घरी काय तोंड दाखवू?"